निरोप सोपा, निगा कठीण

आपल्या सैनिकी संस्थांमध्ये निरोप समारंभ फार चांगले होतात. रांगा सरळ असतात, बूट चकचकीत असतात, बिगुल वेळेवर वाजतो आणि भाषणात नेमके शब्द येतात. यात गैर काहीच नाही. ज्याने सेवा केली त्याला मानाने निरोप द्यावा, ही चांगली रीत आहे. पण निरोपाच्या एका दिवशी दाखवलेला आदर खरा, की त्याआधीची कित्येक वर्षे रोज घेतलेली निगा खरी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे. निगा खरी. मानवंदना हा तिच्यावरचा कळस. पायाच नसेल तर कळस कशावर चढवणार?

हे मत मी एका फ्रेंच शिडाच्या युद्धजहाजाच्या आधारे मांडणार आहे. इतका थाटाचा निरोप फार थोड्या जहाजांना मिळाला असेल. आणि तो निरोप म्हणजे त्या जहाजाला जलसमाधी देणे होते.

तारीख होती 2 डिसेंबर 1949. इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरातून ‘इम्प्लॅकेबल’ नावाचे एक जुने लाकडी जहाज टगबोटींनी ओढत इंग्लिश खाडीत नेले. त्यावर ब्रिटनचा आणि फ्रान्सचा असे दोन ध्वज एकत्र फडकत होते. पोटात स्फोटके भरलेली होती. ठरल्या वेळी स्फोट झाला, तळ फुटला. पण जहाज लगेच बुडाले नाही. लाकूडच ते. काही तास पाण्यावर राहून मग ते खाली गेले. तेव्हा त्याचे वय जवळजवळ दीडशे वर्षे होते आणि ट्राफल्गारच्या लढाईत उतरलेल्या फ्रेंच जहाजांपैकी तेवढे एकच उरले होते.

दोन ध्वज का, हे समजण्यासाठी त्याच्या जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

24 मार्च 1800 रोजी फ्रान्सच्या रोशफोर येथील गोदीत हे जहाज पाण्यात उतरले. तेव्हा त्याचे नाव ‘द्युगे-त्रुएं’ होते. द्युगे-त्रुएं हा फ्रान्सचा नामांकित दर्यावर्दी. 1711 मध्ये त्याने थेट ब्राझीलवर स्वारी करून रिओ दि जानेरो हे पोर्तुगिजांचे शहर घेतले होते. जहाजाचा आराखडा जाक-नोएल साने या नौकारचनाकाराचा होता. सानेच्या या एकाच आराखड्यावर फ्रेंचांनी शंभराच्या आसपास जहाजे बांधायला घेतली. लांबी सुमारे 56 मीटर, रुंदी सुमारे 15 मीटर, तोफा 74 आणि माणसे सातशेच्या घरात. खालच्या मजल्यावर 36 पौंडी गोळे फेकणाऱ्या 28 तोफा होत्या. एकेक गोळा साडेसतरा किलोचा. आपल्या शाळेच्या फुटबॉल मैदानाच्या अर्ध्याहून थोड्या जास्त लांबीच्या जागेत सातशे माणसांनी महिनोन्महिने राहायचे, जेवायचे, झोपायचे आणि वेळ आली की लढायचे, असे ते जग होते.

अशा एका जहाजासाठी दोन हजारांहून अधिक ओकवृक्ष लागत. पण झाडे तोडून जहाज बांधले की काम संपले, असे नव्हते. खरे काम त्या दिवशी सुरू होई. लाकडी जहाज पाण्यात उतरल्या क्षणापासून कुजायला लागते. फळ्यांच्या सांध्यांत काथ्यासारखे तंतू ठोकून वरून डांबर भरावे लागते. उन्हाने आणि लाटांच्या हिसक्यांनी ते सुटते आणि पुन्हा भरावे लागते. तळाला समुद्री किडा लागून लाकडाची चाळण होऊ नये म्हणून तांब्याचे पत्रे मारावे लागतात. खारे पाणी ओकचे फारसे वाकडे करत नाही, पण डेकच्या फटींतून झिरपणारे पावसाचे गोडे पाणी आतून कुजवत नेते. शिवाय ओकच्या लाकडात आम्ल असते, ते लोखंडी खिळ्यांना खाते. जहाजाची दोन्ही टोके जड आणि मधला भाग पाण्याने उचललेला, त्यामुळे काही वर्षांनी पाठीचा कणाच वाकू लागतो. दोरखंड डांबरवावे लागतात, शिडे शिवावी लागतात, आणि पंप तर कायम चालवावे लागतात.

म्हणजे लढाईच्या दिवशी तोफ उडते ती फक्त तोफचीमुळे नव्हे. आदल्या दोनशे दिवसांत ज्याने पंप मारला, फट बुजवली, दोर बदलला, त्याच्यामुळेही उडते. इतिहासाच्या पुस्तकात तोफचीला एक ओळ मिळते, पंप मारणाऱ्याला तीही मिळत नाही. नौदलातल्या माणसाला मात्र हा हिशेब पक्का ठाऊक असतो.

फ्रेंच ध्वजाखाली ‘द्युगे-त्रुएं’ची कारकीर्द साडेपाच वर्षांची. कॅरिबियन समुद्रातल्या सान-दोमिंग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांना पुन्हा ताब्यात आणण्यासाठी नेपोलियनने फौज पाठवली, त्या मोहिमेत हे जहाज होते. ही काही अभिमानाने सांगावी अशी कामगिरी नव्हती, आणि ती फसली. 1803 मध्ये इंग्रजांच्या वेढ्यातून दोन फ्रेंच जहाजे निसटली. त्यांपैकी ‘द्यूकेन’ पकडले गेले, ‘द्युगे-त्रुएं’ सुटले.

मग आला 21 ऑक्टोबर 1805. ट्राफल्गार. एका बाजूला फ्रान्स आणि स्पेनची 33 मोठी युद्धजहाजे, दुसऱ्या बाजूला नेल्सनची 27. नेल्सनने शत्रूची लांबलचक रांग मधोमध आणि शेपटाकडे तोडली. रांगेच्या तोंडाशी असलेली जहाजे लढाईपासून दूर पडली. त्या आघाडीचा सेनानी होता रिअर अ‍ॅडमिरल द्युमान्वार. वारा मंद होता, जहाजे वळवायला फार वेळ लागला, आणि वळून ती परतली तोवर मध्यभागी सगळे संपत आले होते. द्युमान्वार चार जहाजे घेऊन निघून गेला. त्यांत ‘द्युगे-त्रुएं’ होते. या निर्णयाबद्दल पुढे चौकशी झाली, खटला चालला आणि तो दोषमुक्त झाला. तरी त्याच्या नावामागची कुजबुज काही थांबली नाही.

दोन आठवड्यांनी, 4 नोव्हेंबर 1805 रोजी, स्पेनच्या ऑर्तेगल भूशिराजवळ सर रिचर्ड स्ट्रॅचन याच्या इंग्रज ताफ्याने या चौघांना गाठले. या वेळी पळायला वाट नव्हती. चारही जहाजे लढली आणि चारही पकडली गेली. ‘द्युगे-त्रुएं’चा कप्तान क्लोद तूफे लढताना मारला गेला. पंधरा दिवसांपूर्वी ज्यांच्यावर पळाल्याचा शिक्का बसला, तेच खलाशी, तेच अधिकारी होते. एका दिवसावरून माणसाची किंवा जहाजाची पारख करू नये, हे यातून घेण्यासारखे आहे.

इंग्रजांनी जहाज दुरुस्त केले, नाव बदलून ‘इम्प्लॅकेबल’ ठेवले आणि आपल्या ताफ्यात घेतले. शत्रूचे चांगले जहाज हाती लागले तर ते मोडत नसत, वापरत. 1808 मध्ये बाल्टिक समुद्रात कप्तान टॉमस बायम मार्टिन याच्या हाताखाली या जहाजाने ‘सेंटॉर’ या जहाजाच्या साथीने ‘व्सेवोलोद’ या रशियन युद्धजहाजाला नमवले. 1840 मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेत ते होते. 1842 मध्ये त्याची लढाऊ सेवा संपली.

इथवरची कथा कोणत्याही जुन्या युद्धजहाजाची असू शकते. माझ्या मते या जहाजाची खरी कारकीर्द यानंतर सुरू होते.

1855 मध्ये इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे ‘इम्प्लॅकेबल’ची शाळा झाली. नौदलात येऊ पाहणाऱ्या मुलांचे प्रशिक्षण त्यावर होऊ लागले. पुढे ‘लायन’ नावाचे आणखी एक जहाज शेजारी जोडले गेले. गाठी मारणे, शिडावर चढणे, होडी वल्हवणे, तोफेची कवायत, स्वतःचे कपडे स्वतः शिवणे, पहाटे उठून डेक घासणे, असा तो दिनक्रम. शिस्त कडक, कधी कधी क्रूरही. पण गरीब घरातल्या मुलांच्या किती पिढ्या तिथे दोरीला लटकायला आणि पायावर उभे राहायला शिकल्या! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाज विकून टाकायचे ठरत होते, तेव्हा राजा सातव्या एडवर्डने त्यात लक्ष घातले आणि ते वाचले. 1912 मध्ये जेफ्री व्हीटली कॉब या जहाजवेड्या दानशूर गृहस्थाकडे ते सोपवण्यात आले. त्यानेही त्यावर मुलांचीच शाळा चालवली. 1920 च्या दशकात लोकांनी वर्गणी काढून डागडुजी केली. कॉब गेल्यावर 1932 मध्ये जहाज पोर्ट्समथला आले.

आता हिशेब मांडू. पाण्यावरची एकूण वर्षे जवळजवळ 150. फ्रेंच ध्वजाखाली साडेपाच. इंग्रज ताफ्यात लढाऊ जहाज म्हणून 37. मोठ्या लढाईचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि शाळा म्हणून सुमारे सत्तर वर्षे. तरीही या जहाजाविषयी काहीही वाचायला घ्या, पहिले वाक्य ट्राफल्गारचे असते. त्या लढाईत तर ते बहुतेक वेळ लांबच होते! आपण लढाईच्या दिवसांना सेवा म्हणतो आणि शिकवण्याच्या वर्षांना उतारवय म्हणतो. सैनिकी शाळेच्या मासिकात तरी हा हिशेब उलटा मांडायला हवा. आपले प्रशिक्षक हे वाचतील तेव्हा त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

पोर्ट्समथला या जहाजाला एक शेजारी होता, आणि तो थेट आपल्या मुंबईचा होता. त्याचे मूळ नाव ‘त्रिंकोमाली’. 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, सागवानी लाकडात बांधलेली ही फ्रिगेट. कॉबने ती 1897 मध्ये भंगारवाल्याकडून सोडवली, ‘फुद्रोयां’ हे नाव दिले आणि तिच्यावरही मुलांची शाळा सुरू केली. गंमत अशी की, ‘त्रिंकोमाली’चा आराखडाही मूळचा फ्रेंच. 1782 मध्ये इंग्रजांनी ‘एबे’ ही फ्रेंच फ्रिगेट पकडली आणि तिच्यावरून आपल्या फ्रिगेटींचा एक वर्ग तयार केला; ‘त्रिंकोमाली’ त्या वर्गातली. आणि ‘एबे’चा रचनाकार कोण? तोच जाक-नोएल साने. म्हणजे रोशफोरच्या ओकचे आणि मुंबईच्या सागवानाचे, एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेले दोन लाकडी वारस इंग्लंडच्या एका बंदरात शेजारी उभे राहून मुलांना शिकवत होते.

त्यांपैकी एक 1949 मध्ये बुडवले गेले. दुसऱ्यावर 1986 पर्यंत मुले शिकत राहिली. मग इंग्लंडच्या हार्टलपूल येथे त्या जहाजाचा जीर्णोद्धार झाला, मूळचे ‘त्रिंकोमाली’ हे नाव परत मिळाले, आणि आजही ते पाण्यावर उभे आहे. मुंबईच्या सुतारांनी दोनशे वर्षांपूर्वी घडवलेले जहाज तिथे जाऊन पाहता येते.

हा फरक का पडला? सागवान ओकपेक्षा टिकाऊ, त्यातले तेल लोखंडाला सांभाळते, हे एक कारण. ‘त्रिंकोमाली’ आकाराने लहान, म्हणून खर्च कमी, हे दुसरे. नशीब हे तिसरे. पण एक कारण माणसांच्या हातातले होते. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने ‘इम्प्लॅकेबल’ आपल्या कामाला घेतले आणि त्या वर्षांत डागडुजी राहून गेली. युद्ध संपले तेव्हा दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर गेला होता. नौदलाने ते फ्रान्सला देऊ केले. फ्रान्सने नको म्हटले. मग कोणालाच नको असलेल्या जहाजाला सगळ्यांनी मिळून मानाने बुडवले.

इथे विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. 1949 चा ब्रिटन हा रेशनवर जगणारा देश होता. पोर्ट्समथ शहर बॉम्बफेकीत भाजून निघाले होते. लोकांना घरे नव्हती, लाकूड मिळत नव्हते. अशा वेळी कुजलेल्या जहाजावर पैसा घालायचा की डोक्यावर छप्पर घालायचे, असा प्रश्न समोर आला तर मीही छप्परच निवडीन. निर्णय घेणारी माणसे दगडाच्या काळजाची नव्हती. दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक जुनी गोष्ट जपत बसलो तर नव्याला जागा उरणार नाही. हेही खरे. प्रत्येक जहाज, प्रत्येक रणगाडा, प्रत्येक विमान जपता येत नाही आणि जपूही नये.

पण हा प्रश्न 1949 मध्ये एकाएकी उपटला नव्हता. तो वर्षानुवर्षे थोडा थोडा साचत गेला होता. दरवर्षीची लहान दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली की शेवटी एक दिवस असा येतो की दोनच पर्याय उरतात: न परवडणारा खर्च किंवा थाटाचा निरोप. त्या दिवशी निरोप निवडणारा चुकत नाही. चूक आधीच होऊन गेलेली असते, ज्या वर्षी कोणी म्हणाले असेल की ‘एवढे पुढच्या खेपेला पाहू’, त्या वर्षी.

त्या बुडवण्याने इंग्लंडमध्ये हळहळ पसरली, आणि ती वाया गेली नाही. ग्रिनिच येथील नौदल संग्रहालयाचे संचालक फ्रँक कार यांनी ‘कटी सार्क’ हे चहाची वाहतूक करणारे जुने शिडाचे जहाज वाचवण्यासाठी कंबर कसली. 1954 मध्ये ते जहाज ग्रिनिचला कोरड्या गोदीत आले आणि आज जगभरचे लोक ते पाहायला जातात. पुढे ऐतिहासिक जहाजांच्या जतनासाठी एक जागतिक संस्था निघाली. तिचे घोषवाक्यच झाले, ‘इम्प्लॅकेबल पुन्हा नाही’. एक जहाज गेले तेव्हा इतरांना शहाणपण आले.

निगा म्हणजे काय, याचा नमुना पाहायचा तर अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’कडे पाहावे. 1797 मध्ये पाण्यात उतरलेले हे जहाज आजही बॉस्टनला तरंगते आणि आजही अमेरिकी नौदलाच्या सेवेत आहे. त्यावर सेवेतले नौसैनिकच नेमलेले असतात. आणि त्याच्या दुरुस्तीला लाकूड कमी पडू नये म्हणून इंडियाना राज्यातील नौदलाच्या एका तळावर ओकची झाडे खास राखून ठेवली आहेत. जहाजाला कधी तरी फळी लागेल म्हणून आज झाड वाढवायचे! मला विचाराल तर बंदुकीच्या एकवीस फैरींपेक्षा त्या झाडांना पाणी घालणारा माणूस जहाजाचा जास्त आदर करतो.

आता आपल्या घराकडे येऊ. आपली पहिली विमानवाहू नौका ‘आयएनएस विक्रांत’. तिचीही सुरुवात परक्या देशात झाली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘हर्क्युलिस’ या नावाने ती बांधायला घेतली, अर्धवट सोडली, आणि 1957 मध्ये भारताने विकत घेतली. 4 मार्च 1961 रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली. 1971 च्या युद्धात तिच्या बॉयलरला तडा गेलेला होता, वेग कमी झाला होता. तरी तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले आणि पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी केली. तडा गेलेल्या बॉयलरनिशी नौका चालवणारे यंत्रविभागातले नौसैनिक आपल्यापैकी किती जणांना आठवतात? 31 जानेवारी 1997 रोजी ती निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. मग खर्च, धोकादायक अवस्था, जागेचा प्रश्न, न्यायालय, आणि शेवटी 2014 मध्ये ती मोडीत निघाली. तिच्या पोलादाचा अंश एका मोटरसायकलच्या टाकीत गेला आणि मुंबईत तिच्या भंगारातून घडवलेले एक छोटे स्मारक उभे राहिले. 2022 मध्ये तिचे नाव नव्या विमानवाहू नौकेला मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण नाव पुढे चालवता येते, नौका नाही. जिन्याच्या कठड्याला हात लावून ‘इथे ते उभे होते’ असे म्हणण्याची सोय गेली ती गेलीच.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी फेब्रुवारी 2001 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर वाळूत उभी करून लोकांसाठी खुली झाली. आत फिरवून माहिती सांगणारे बहुतेक नौदलातून निवृत्त झालेले जवान असतात. ज्यांनी पाण्याखाली दिवस काढले, तेच मुलांना पेरिस्कोप दाखवतात. निर्णय लवकर झाला, जागा लगेच मिळाली, माणसे योग्य नेमली. ‘विक्रांत’च्या मानाने पाणबुडी लहान, हे मान्य. पण लवकर ठरवले म्हणून निभावले, हेही तितकेच खरे.

या सगळ्यातून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, जपायचे की नाही हे लवकर ठरवावे. सगळे जपता येत नाही, म्हणून निवड करावी लागते. जे जपायचे नाही ते वेळीच, उघडपणे मोडीत काढावे. त्यात अपमान नाही. अपमान आहे तो ‘जपतो आहोत’ असे म्हणत कुजू देण्यात.

दुसरी, जपायचे ते वापरात ठेवून जपावे. ‘इम्प्लॅकेबल’ शतकभर टिकले ते त्यावर रोज मुले चढत-उतरत होती म्हणून. रिकाम्या घराला वाळवी लवकर लागते, हे आपल्या आजीला ठाऊक होते; जहाजालाही तेच लागू आहे.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या हातातली आहे, आणि त्यासाठी संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागत नाही. देशभरच्या कितीतरी सैनिकी शाळांच्या आवारात जुनी तोफ, रणगाडा, विमान किंवा नांगर ठेवलेला असतो. पाहुणे आले की त्यासमोर फोटो निघतात. पण रंगाच्या पोपड्याखाली गंज किती गेला, पावसाचे पाणी कुठे साचते, फलकावरची अक्षरे वाचता येतात का, हे कोण पाहते? माझी सूचना साधी आहे. अशा प्रत्येक वस्तूची एक वही असावी. प्रत्येक हाउसने पाळीने महिना वाटून घ्यावा. काय पाहिले, काय पुसले, काय दुरुस्त करायला हवे, ते तारखेसह लिहून खाली कॅडेटची सही असावी. पुढच्या तुकडीने मागच्या तुकडीची पाने वाचूनच कामाला लागावे. जहाजावर रोजनिशी असते, तशीच ही.

आणि प्रशिक्षकांना एक विनंती. हे काम शिक्षा म्हणून देऊ नका. उशिरा आला म्हणून तोफ पुसायला लावली, तर मुलाच्या मनात तोफ आणि शिक्षा यांची कायमची गाठ पडते. ज्याने चांगले काम केले त्याला हे काम द्या. पालकांनीही भेटीच्या दिवशी त्या रणगाड्यासमोर मुलाचा फोटो जरूर काढावा. पण त्याला विचारावे की ही वस्तू कोणत्या लढाईतली, आणि हिची शेवटची डागडुजी कधी झाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले, तर शाळा नीट चालली आहे असे समजावे.

मी हे वस्तूंविषयी लिहितो आहे, पण वस्तूंशी जशी सवय लागते तशीच माणसांशीही लागते. सैन्यातून परतलेले आजोबा गावात असतील तर 26 जानेवारीला त्यांना शाल देणे सोपे आहे. मधल्या 364 दिवसांत त्यांच्या औषधाची, बँकेतल्या रांगेची, संध्याकाळच्या एकटेपणाची विचारपूस करणे अवघड आहे. सत्काराला गर्दी जमते. विचारपूस एकट्याने करावी लागते आणि तिचा फोटो निघत नाही.

‘इम्प्लॅकेबल’चा मागचा कोरीव दर्शनी भाग आणि नाळेवरचा पुतळा बुडवण्यापूर्वी काढून ठेवले होते, ते ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. लोक मान वर करून ते पाहतात, कारागिरीचे कौतुक करतात. ते पाहताना मला प्रश्न पडेल तो मागे उरलेल्या त्या सुंदर तुकड्यांविषयी नव्हे, तर तळाशी गेलेल्या साध्या, न कोरलेल्या ओकच्या फळ्यांविषयी. त्यांच्याविषयी कोणी काही लिहून ठेवलेले नाही. पण दीडशे वर्षे पाणी बाहेर ठेवले ते त्यांनी, आणि त्यांच्या फटी ज्यांनी बुजवल्या त्या हातांनी. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी थोड्यांच्या नशिबी ट्राफल्गार येईल. फटी बुजवायचे काम मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहे, आणि ते आजपासून करता येते.